गाडीतली झिजणारी जागा

आत एक लोखंडी नळी, बाहेर एक लोखंडी नळी आणि दोन्हींच्या मधे घट्ट चिकटवलेलं रबर. मुठीत मावेल एवढाच हा बुश. पुढच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा जो लोअर आर्म असतो, त्याच्या सांगाड्याकडच्या टोकाला तो प्रेसनं दाबून बसवलेला असतो. रबर तडकलं की स्पीडब्रेकरवर पुढून 'टक' असा आवाज येऊ लागतो, ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढतं, आणि नवा टायर कडेनं झिजत जातो. निगडी प्राधिकरण, शाहूनगर, थेरगाव, मोशी इथल्या सोसायट्यांत रविवारी सकाळी गाडीचं पुढचं चाक काढून, गाडी घोडीवर टेकवून, खाली पुठ्ठा अंथरून कुणी आडवं झालेलं दिसलं, तर कारण बरेचदा हाच बुश असतो. नाहीतर लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा गळू लागलेला शॉकअब, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर.

सस्पेन्शनचं काम घरी करणारी माणसं जगभर आहेत. पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात त्या पुठ्ठ्यावर झोपलेला माणूस सोमवारी पहिल्या पाळीला कदाचित असेच आर्म, असेच शॉकअब गाडीला बसवत असतो. म्हणून सस्पेन्शनची वंशवेल शोधायची तर ती इथूनच शोधावी असं मला वाटतं. मला त्यात सर्वांत जास्त रस आहे तो एका प्रश्नात: गाडीतली झिजणारी जागा कुठून कुठे सरकत गेली, आणि ती सरकताना मालकाच्या हातातून काय निसटलं.

चाकणचं नाव आज कंटेनर आणि असेंब्ली लाइनशी जोडलं गेलंय, पण त्याआधी कितीतरी वर्षं ते कांद्याच्या बाजाराशी जोडलेलं होतं. खेड तालुक्यातला कांदा तिथे बैलगाड्यांनी यायचा. त्या गाडीला स्प्रिंग नव्हती. रस्त्याचा दणका चाकाच्या लोखंडी धावेतून आऱ्यांत, आऱ्यांतून तुंब्यात, तुंब्यातून आखावर आणि तिथून थेट गाडीवानाच्या पाठीच्या कण्यात जायचा. झिजायचा तो आख आणि तुंब्याचा आतला भाग. त्यावर उपाय होता वंगण, आणि वंगणाचं भांडं गाडीलाच टांगलेलं असायचं. आखाच्या टोकाची कुणी, म्हणजे खीळ, काढायची, चाक थोडं बाहेर ओढायचं, वंगण घालायचं, चाक परत आत सारायचं. आरा मोडला तर सुतार, धाव सैल झाली तर लोहार, पण रोजची झीज सांभाळणं हे गाडीवाल्याचंच काम होतं. ते आपलं काम नाही असं कुणाच्या मनातही आलं नसेल. मोटारीच्या देखभालीचा इथला पहिला पूर्वज मला हा वंगणवाला शेतकरी वाटतो.

त्यानंतर आली कमान. १८०४ मध्ये लंडनच्या ओबाडाया इलियट या बग्गी बनवणाऱ्यानं पोलादी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानींवर बग्गी टांगण्याचं पेटंट घेतलं. त्याआधीही कमानी होत्या, पण त्यांच्याखाली जड लाकडी सांगाडा लागायचा. इलियटनं तो काढून टाकला आणि वाहन हलकं झालं. आपल्याकडे कमान दिसली ती आधी टांग्याखाली, मग मोटारीखाली, आणि ट्रकखाली ती आजही आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली ती कमानींवरच. एसटी महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीला, म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत आहे. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९८६ मध्ये आणलेली ४०७ ही या पट्ट्यातली सर्वांत ओळखीची छोटी मालगाडी. तिच्याही पुढे-मागे पाटेच.

कमानीचा एक गुण नंतर आलेल्या भागांमध्ये हरवला. एक पाटा तुटला तर तेवढाच एक बदलता येतो. कमान बसली, म्हणजे तिचा बाक कमी झाला, तर लोहार पाटे तापवून पुन्हा बाक देतो. माल जास्त भरायचा असेल तर मालक एक पाटा वाढवून घेतो. ते नियमाला धरून नसतं आणि गाडीला चांगलंही नसतं, तरी भोसरीच्या रस्त्यांवर असे पाटे वाढवलेले टेम्पो पावलोपावली दिसतात. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्यातच उसळी थोडी मुरते. स्प्रिंग आणि शॉकअब ही दोन कामं एकाच वस्तूत, आणि ती वस्तू सुटी सुटी करून दुरुस्त होणारी.

मोटारीच्या पुढच्या चाकांना मात्र कमान फार काळ पुरली नाही. दोन चाकं एकाच आडव्या अ‍ॅक्सलला बांधलेली असली की एक खड्ड्यात गेल्यावर दुसरंही कलतं. म्हणून प्रत्येक चाक स्वतंत्र हलावं अशी रचना आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याला फियाट ११०० बनवली, तीच पुढे पद्मिनी झाली. तिच्या पुढच्या चाकाला वर-खाली दोन आर्म, मधे स्प्रिंग, आणि चाक वळावं म्हणून उभी किंगपिन होती. अँबॅसडरला स्प्रिंगऐवजी पीळ खाणारी पोलादी कांब, म्हणजे टॉर्शन बार, आणि सुरुवातीला तरफेचे शॉकअब, ज्यांत वरून तेल भरता यायचं. या दोन्ही गाड्यांच्या पुढच्या भागात ग्रीसचे निपल होते. ग्रीस गन घेऊन एकेका निपलवर दाबायचं, जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येईपर्यंत. फियाट बाळगणाऱ्या घरांत एकेकाळी ग्रीस गन असणं ही साधी गोष्ट होती. कामाचं तत्त्व बैलगाडीच्या वंगणापेक्षा वेगळं नव्हतं: धातूवर धातू घासतो, तिथे चिकट काहीतरी घालत राहा, आणि ते मालकानं घालायचं.

आकुर्डीची स्कूटरही याच काळातली. कोराडिनो द'आस्कानिओ हा विमानं घडवणारा इंजिनिअर. त्यानं १९४६ च्या व्हेस्पाचं पुढचं चाक एकाच बाजूनं धरलं, विमानाच्या चाकासारखं. बजाजनं पियाजिओच्या परवान्यानं तीच स्कूटर आकुर्डीला बनवली, आणि १९७२ मध्ये चेतक आली. तिच्या पुढच्या लिंकची पिन आणि त्यातले सुईसारखे रोलर झिजले की हँडल थरथरायचं. ते घरच्या अंगणात, स्कूटर आडवी टाकून बदलणारे कितीतरी कामगार या वस्तीत होते. चारचाकी परवडण्याआधी सस्पेन्शनचं शिक्षण त्यांनी दोन चाकांवर घेतलं.

आता शॉकअब, कारण हा भाग या पट्ट्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक आहे. स्प्रिंग दणका शोषते, पण मग ती उसळत राहते. ती उसळ मारायला घर्षण लागतं. १९०० च्या आसपास फ्रान्समध्ये ज्यूल त्र्युफो यानं एकमेकांवर घासणाऱ्या चकत्यांचा शॉकअब बनवला, आणि अमेरिकेत हार्टफर्ड यानं तो विकला. त्याच दशकात मोरिस हुदाय यानं तेलाचा शॉकअब आणला. तेल बारीक छिद्रातून जोरात ढकललं की ते विरोध करतं, आणि उसळीची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. आजच्या प्रत्येक शॉकअबचं मर्म तेच आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा क्लॉड फॉस्टर आधी गाडीच्या धुराच्या दाबावर वाजणारा भोंगा विकत होता. देवदूताच्या तुतारीवरून त्यानं त्याला गॅब्रिएल हे नाव दिलं. पुढे त्यानं पट्ट्याचा एक शॉकअब काढला, आणि कंपनी भोंग्याऐवजी त्यावरच चालू लागली. १९६१ मध्ये दीप आनंद यांनी मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडिया सुरू केली. नाव मात्र त्या भोंग्याचंच राहिलं. पुढे कंपनीचा कारखाना चाकणलाही आला. शॉकअब आणि स्ट्रट बनवणारे इतरही कारखाने आता याच पट्ट्यात आहेत. एका देवदूताच्या तुतारीचं नाव क्लीव्हलँडहून मुलुंडमार्गे खेड तालुक्यात पोचलं, ही गोष्ट मला कायम आनंद देते.

तेलाच्या शॉकअबची झिजणारी जागा म्हणजे दांड्याभोवतीचं सील. ते गेलं की तेल गळतं. पूर्वी शॉकअब उघडून, सील बदलून, तेल भरून देणारी दुकानं सर्रास होती. अजूनही काही टिकून आहेत. मग १९५० च्या दशकात फ्रेंच संशोधक ख्रिस्तियाँ द कारबाँ यानं दाबाखालचा वायू भरलेला शॉकअब आणला. तेलाला फेस येऊ नये म्हणून आत नायट्रोजन. वागणूक कितीतरी सुधारली, पण आता नळी कायमची बंद केलेली आणि आत दाब. ती उघडणं धोक्याचं. इथे पहिल्यांदा दुरुस्ती थांबली आणि अख्खा भाग बदलणं सुरू झालं.

दुसऱ्यांदा ते घडलं अर्ल मॅकफर्सनमुळे. तो जनरल मोटर्समध्ये शेव्हरोले कॅडेट नावाच्या छोट्या गाडीवर काम करत होता. १९४७ मध्ये कंपनीनं तो प्रकल्प सोडला आणि मॅकफर्सन फोर्डकडे गेला. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरला त्याची रचना लागली. वरचा आर्म काढून टाकायचा, शॉकअबची नळीच उभा खांब, म्हणजे स्ट्रट, म्हणून वापरायची, स्प्रिंग तिच्याभोवतीच घालायची, आणि चाक वळताना अख्खा खांब वरच्या बेअरिंगवर फिरवायचा. किंगपिन गेली, तिचे निपल गेले. भाग कमी, वजन कमी, इंजिनाला जागा जास्त. छोट्या, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांना हे वरदानच होतं.

भारतात ही रचना घरोघरी पोचवली १९८३ च्या मारुती ८०० नं. तिच्या मागे सुरुवातीला पाटेच होते, पण पुढे मॅकफर्सन. पिंपरीत ती रचना आली टेल्कोच्या इंडिकाबरोबर, आणि त्या गाडीसाठी इथली एक पिढी खपली आहे. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी पिंपरीच्या उजाड माळावर आधी झाडं लावली, तळं खणलं, आणि १९६६ मध्ये आधी प्रशिक्षण केंद्र उघडलं. गाड्या नंतर. त्या केंद्रातून निघालेले फिटर, टर्नर, टूलमेकर हे या शहराचं खरं भांडवल आहे असं मी मानतो. पुढे ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्यातली यंत्रं सुटी करून जहाजानं पिंपरीला आणली गेली, आणि १९९८ च्या डिसेंबरअखेर इंडिका बाजारात आली. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे तिरक्या आर्मवर स्प्रिंग, चारही चाकं स्वतंत्र. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या. त्यांतून शिकून २००१ मध्ये सुधारलेली व्ही२ आली, आणि तीच मग वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून महाराष्ट्रभर पळाली. इंडिकाचा लोअर आर्म काढता येत नाही असा पुणे जिल्ह्यातला मेकॅनिक शोधावा लागेल.

स्ट्रटनं घरी काम करणाऱ्याचं एक काम सोपं केलं आणि एक जीवघेणं केलं. स्ट्रट काढणं म्हणजे खाली चाक धरणाऱ्या नकलचे बोल्ट आणि वर बॉनेटखालचे नट. पण नुसता शॉकअब बदलायचा तर स्प्रिंग दाबून धरावी लागते. दाबलेल्या त्या स्प्रिंगमध्ये इतकी शक्ती असते की ती सुटली तर माणूस दगावू शकतो. घरगुती कामात मी एवढी एकच गोष्ट ठामपणे करू नका म्हणेन: तारेनं किंवा दोरीनं बांधून स्प्रिंग उघडू नका. स्ट्रट घरी काढा, आणि स्प्रिंग उतरवायला चांगला कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये घेऊन जा. बाकीचे धोके साधे आहेत आणि साध्या काळजीनं टळतात. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, घोडी लावायची. मागच्या चाकांना गुटके लावायचे. बॉल जॉइंटचा निमुळता खुंटा सुटत नसेल तर त्यावर हातोडा न मारता ज्या डोळ्यात तो अडकलाय त्याच्या कडेला मारायचा. आणि कॅसल नट असेल तर स्प्लिट पिन नवी घालायची.

आता परत बुशकडे, कारण वंशवेलीतली तिसरी आणि सर्वांत गुपचूप झालेली उलथापालथ त्याची आहे. १९२० च्या दशकात लेऑं थिरी या बेल्जियन इंजिनिअरनं रबर जबरदस्त दाबाखाली दोन धातूच्या नळ्यांमध्ये कोंबून एक सांधा बनवला. सायलेंटब्लॉक नावानं तो विकला गेला. त्यात काहीच घासत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर स्वतःत पिळलं जातं आणि परत येतं. म्हणून ना ग्रीस लागतं, ना निपल. हजारो वर्षं चालत आलेलं वंगण इथे संपलं. झीज धातूतून रबरात गेली, आणि रबराची झीज दिसत नाही. ती आतून फाटत जाते.

रबर पिळलं जातं हे एकदा समजलं की घरी काम करणाऱ्याला सर्वांत मोलाची गोष्ट आपोआप कळते. गाडी घोडीवर असताना चाक खाली लटकत असतं, आर्म खाली झुकलेला असतो. त्याच स्थितीत बुशचा बोल्ट घट्ट आवळला, तर आतली नळी तिथेच जखडली जाते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. खड्डा आला की ते आणखी पिळलं जातं, आणि वर्षं टिकायचा बुश महिन्यांत फाटतो. म्हणून बोल्ट आधी हातानं सैल लावायचा, बॉल जॉइंटखाली जॅक देऊन आर्म गाडी उभी असतानाच्या उंचीवर आणायचा आणि मगच आवळायचा, टॉर्क रेंचनं, ठरलेल्या टॉर्कनं. ठरावीक टॉर्कला आवळणं हे लाइनवरच्या मुलाच्या रोजच्या सवयीचं असतं. तीच सवय गल्लीतल्या कितीतरी चांगल्या मेकॅनिकला कुणी लावलेली नसते. "नवीन बुश टाकला तरी सहा महिन्यांत गेला" ही तक्रार ऐकली की मला आधी बोल्ट आवळतानाची उंची विचारावीशी वाटते, भाग डुप्लिकेट होता का ते नंतर.

बुश दाबून बसवायला प्रेस लागतो. एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये जुना बुश काढून नवा बसवून मिळतो, आणि हा या पट्ट्याचा मोठा फायदा आहे. दूरच्या तालुक्यात ती सोय सहज नसते. पण आता बरेच आर्म बॉल जॉइंटसकट रिव्हेट मारून येतात, म्हणून लोक पुण्यातल्या नाना पेठेतल्या दुकानांतून अख्खा आर्म आणतात आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलतात. जोडीनं बदलणं बरोबरच आहे. आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करायलाच हवं, कारण आर्म हलला की चाकाचा कोन बदलतो आणि महागाचा टायर त्याची किंमत चुकवतो.

पुढे काय येतंय याचा अंदाज इथे जुन्याच एका गाडीत दिसतो. १९९५ मध्ये मर्सिडीजनं टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात डब्ल्यू१२४ ही गाडी जोडायला सुरुवात केली. तिच्या प्रत्येक मागच्या चाकाला पाच वेगवेगळे दुवे होते, आणि प्रत्येक दुव्याच्या दोन्ही टोकांना बुश किंवा सांधा. मर्सिडीज २००९ मध्ये चाकणला गेली. आता त्याच चाकणमध्ये महिंद्रा एक्सईव्ही ९ई ही विजेवरची गाडी बनवते. मागे पाच दुवे, आणि रस्ता पाहून स्वतःचा कडकपणा बदलणारे शॉकअब. म्हणजे तेलाच्या छिद्रावरही आता वायर आणि कंट्रोल युनिट आलं. बॅटरीमुळे गाडी जड आहे, तेव्हा बुशवरचा भारही जास्त.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. मला ते पुरेसं वाटत नाही. ज्या बोल्टचा टॉर्क चाकणच्या लाइनवर पडद्यावर आकडा म्हणून झळकतो, तो आकडा गाडी विकत घेणाऱ्याला मिळाला पाहिजे. त्याच्याबरोबर एक ओळही: हा बोल्ट गाडीचं वजन चाकावर असताना आवळा. आणि दोन्ही मराठीत. दापोडी, भोसरी, चिंचवड आणि चाकणमध्ये ही माहिती रोज हातांतून जाते. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत त्यासाठी एक पान पुरेल, आणि शॉकअबच्या खोक्यावर तर तेवढी जागा आजही रिकामीच असते.